हिरवी पट्टी येईपर्यंत

१

तो माणूस मेला तेव्हा त्याच्यासाठी काढलेलं रक्त दोन जिने खाली तयार होतं. गट जुळवून झालेला होता, पिशवीवर चिठ्ठी लागलेली होती. फक्त रक्तपेढीच्या संगणकावर हिरवी पट्टी यायची होती. पट्टी आल्याशिवाय पिशवी दाराबाहेर न्यायची नाही, असा त्या रुग्णालयाचा नियम आहे. नियम पाळला गेला. पट्टी आली, तेव्हा वरून निरोप येऊन गेला होता की आता पाठवू नका.

भर दुपारची गोष्ट. कुठल्याशा गाडीने उडवलेला पस्तिशीचा माणूस. खिशात काही नाही, नाव सांगायला शुद्ध नाही. अशा माणसाच्या मरणाचा कुणाला फारसा त्रास होत नाही, पण एका शिकाऊ डॉक्टरने लेखी तक्रार केली आणि मग कुणाला तरी दोषी ठरवणं भाग पडलं. दुसऱ्या दिवशी रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईला निलंबित केलं. कारण, दिरंगाई. पुरावा, भिंतीवरचा कॅमेरा. त्यात ती दहा मिनिटांच्या वर टेलिफोन कानाला लावून उभी दिसते आणि वर माणूस मरतो.

ती तंत्रज्ञ म्हणजे माझी धाकटी जाऊ.

आमचं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. खालच्या मजल्यावर आम्ही, वरच्या मजल्यावर ती आणि माझा दीर. जिना एकच, पण आम्ही जिन्यात भेटलो तर दोघींनाही काहीतरी विसरल्याचं आठवतं. तिचं सगळं काटेकोर, भांडी उतरत्या क्रमाने लावणारी बाई. माझा संसार जरा सैल. त्यामुळे त्या संध्याकाळी ती स्वतःहून खाली आली, तेव्हा सासूबाईंनी बातम्यांचा आवाजच बंद केला.

"तुम्ही दोघी समोरासमोर बसलात म्हणजे प्रकरण भलतंच गंभीर असणार," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आत म्हणजे दाराच्या मागे.

धाकटी रडत नव्हती. ती हातातला रुमाल चौपदरी घडी करून पुन्हा उलगडत होती.

"ताई, तुमचीच कंपनी ती संगणकप्रणाली सांभाळते ना?"

"हो. का ग?"

"पट्टी येतच नव्हती. नुसतं चक्र फिरत होतं. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा मी पट्टीची वाट न बघता पिशवी दिली. पेशंट वाचला आणि मला नोटीस मिळाली. पुन्हा असं केलंत तर परवाना जाईल म्हणाले. म्हणून या वेळी थांबले." तिने घडी पुरी केली. "आता थांबले म्हणून परवाना जाईल म्हणतात."

"आणि टेलिफोनवर कुणाशी बोलत होतीस?"

"बोलत नव्हते हो. संगणक विभागाला लावला होता, पट्टी येत नाही म्हणून. नुसता वाजत होता."

"मग तसं सांग ना त्यांना."

"सांगितलं. ते म्हणतात, आमच्याकडे फोन वाजलाच नाही."

२

माझं काम अडलेल्या क्वेरी मोकळ्या करण्याचं. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. डेटाबेसमध्ये माहिती वेगवेगळ्या टेबलांत ठेवलेली असते. रुग्ण एकात, त्यांच्या रक्ताचे नमुने दुसऱ्यात, दिलेल्या पिशव्या तिसऱ्यात. रुग्णाच्या नंबरावरून या ओळी एकमेकींना जोडायच्या, याला जॉइन म्हणतात. हिरवी पट्टी येण्याआधी असाच एक जॉइन चालतो. या रुग्णाचे आजवरचे सगळे नमुने आणि त्याला आजवर दिलेल्या सगळ्या पिशव्या एकमेकांशी जुळवून पाहायच्या, पूर्वी कधी रक्त चढवताना त्रास झाला होता का ते तपासायचं, आणि नसेल तर पट्टी हिरवी करायची. चांगला नियम आहे. कागदावर सगळेच नियम चांगले असतात.

मी साहेबांच्या मागे लागून स्वतःला त्या रुग्णालयात पाठवून घेतलं. नातं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाठवलं नसतं, इतकं साधं होतं ते.

संगणक विभाग तळघरात होता. तिथल्या प्रमुखाला सगळे किल्लेदार म्हणतात, कारण डेटाबेसचे सगळे पासवर्ड एकट्याच्या ताब्यात, आणि तो रजेवर गेला तर रुग्णालय जवळजवळ बंदच. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला बघून त्याने असा चेहरा केला की मी त्याच्या घरात चपला घालून शिरले आहे.

"मॅडम, क्वेरी फर्स्ट क्लास आहे," तो म्हणाला. "बघा तुम्हीच."

मी बघितलं. जॉइनच्या रकान्यांवर इंडेक्स होते, म्हणजे नंबर शोधायला डेटाबेसला पहिल्या ओळीपासून चाळत बसावं लागत नव्हतं. दोन्ही बाजूंचे रकाने एकाच प्रकारचे होते. डिस्कला जागा होती, मेमरी मोकळी होती. एरवी ज्या चार ठिकाणी घाण सापडते ती चारही ठिकाणं लखलखीत होती. माझ्या अनुभवात इतकं स्वच्छ घर फक्त पाहुणे येणार असले की असतं.

"आकडेवारी कधी घेता?" मी विचारलं. डेटाबेस अधूनमधून आपल्याच टेबलांची पाहणी करतो, कुठे काय किती आहे याचा अंदाज लक्षात ठेवतो. त्याला आम्ही आकडेवारी म्हणतो.

"आपोआप घेऊ देत नाही मी. भलत्या वेळी सुरू होतं आणि सगळं मंदावतं." तो अभिमानाने म्हणाला. "दर रविवारी स्वतः येऊन घेतो. सुट्टी असली तरी."

"आणि परवा दुपारी फोन वाजला नाही?"

"नाही."

"पट्टीला उशीर झाला तो?"

"झालाच नसेल. बाई फोनवर गप्पा मारत असतील. मशीन खोटं बोलत नाही, मॅडम."

मग त्याने चौकशीच्या कागदावरून मेलेल्या माणसाचा रुग्ण नंबर वाचला आणि माझ्यादेखत पडद्यावर घातला. पापणी लवायच्या आत हिरवी पट्टी आली.

धाकटी खोटं बोलत असावी, असं मला त्या क्षणी वाटलं. वाईट म्हणजे, त्यात मला थोडं बरंही वाटलं.

३

पण भांडी उतरत्या क्रमाने लावणारी बाई खोटं बोलताना तरी कारण नीट रचेल. "फोन उचलला नाही" ही काय थाप झाली?

दुसरा संशयित होता रंगारी. हा पंचविशीतला मुलगा वरच्या साहेबांसाठी रंगीत आलेख काढतो, म्हणून ते नाव. असे आलेख एकेकदा अख्खी टेबलं उपसतात आणि त्या वेळी बाकीच्यांची क्वेरी रांगेत अडकते. माझ्या कामात दहापैकी चार वेळा गुन्हेगार हाच निघतो.

"माझ्यावर नका हो येऊ," तो हात जोडून म्हणाला. "मला मूळ डेटाबेसला हातच लावू देत नाहीत किल्लेदार. वेगळ्या मशीनवर नक्कल दिली आहे. दर रविवारी ती ताजी करून मिळते, आठवडाभर त्याच्यावरच रंगवत बसायचं. परवा मी अख्खं मशीन पेटवलं असतं तरी रक्तपेढीला धग लागली नसती."

हे तपासायला मला फार वेळ लागला नाही. खरं होतं. रंगारी सुटला.

निघता निघता त्याच्या पडद्याकडे लक्ष गेलं. निळे, नारिंगी खांब, मध्ये मोठ्या आकड्यांच्या चौकटी. एका चौकटीत लिहिलं होतं, अनोळखी मृत्यू, आणि खाली, एक.

"हा महिन्याचा आकडा?"

"वर्षाचा. गेल्या वर्षीही एकच. त्याच्या आधी बघा ना, शेकड्यांनी." त्याने जुने खांब दाखवले. "प्रशासक सर फार खूश आहेत. मोठ्या सभेत दाखवतात हा आलेख. मानपत्रही मिळालं त्यावर."

"परवा एक गेला. तो धरून एक?"

"नक्कल रविवारची आहे ना, तो यात नसेल." तो थबकला. "म्हणजे दोन होतील. नाही का?"

हमरस्त्याच्या कडेला असलेलं रुग्णालय, आणि दोन वर्षांत दोन बेवारस. गाडीवाले सुधारले म्हणायचे, की बेवारस लोकांनी मरायचं सोडलं? मी त्याला विचारलं, हा आकडा तू नक्की काय मोजून काढतोस. तो म्हणाला, मृत्यू झालेले वेगवेगळे रुग्ण. एक नंबर म्हणजे एक रुग्ण. यात काही चूक आहे का? मला काही चूक दिसली नाही.

तेवढ्यात प्रशासकांचं बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, काचेचं टेबल, त्यावर काहीच नाही. ज्यांना खरं काम नसतं त्यांचीच टेबलं इतकी मोकळी असतात. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाले,

"निलंबित झालेल्या बाई तुमच्या जाऊबाई ना?"

४

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग तुमच्या अहवालाला कुत्रं तरी विचारेल का? तुम्हीच सांगा." ते हसले. "मी तुमच्या साहेबांना फोन करू शकतो. पण कशाला? तुम्ही संध्याकाळपर्यंत लिहून द्या की प्रणाली ठीक आहे. ती आहेच ठीक, तुम्ही स्वतः पाहिलंत. मी जाऊबाईंचं जरा सौम्य करून घेतो. परवाना राहील, नोकरी जाईल. रीतसर राजीनामा देतील त्या."

मी उठले. एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर सांगितली होती. मी काहीही लिहिलं तरी ते जावेचं लिहिणं ठरणार होतं. मला असं काही हवं होतं जे त्यांच्याच लोकांनी, त्यांच्याच मशीनवर, त्यांच्यासमोर करून दाखवलं पाहिजे.

मी अपघात विभागात गेले. तिथली सिस्टर परवा ड्यूटीवर होती. हातमोजे काढता काढता बोलली.

"रक्त आलं असतं तर आत घेतलाच असता त्याला. सर्जन हात धुऊन उभे होते. तुटलं होतं ते शिवता येण्यासारखं होतं." तिने मोजे टोपलीत फेकले. "पण आमच्याकडे पाहुण्याचं रक्त उशिराच येतं."

"कुणाचं?"

"पाहुण्याचं. ज्यांचं नावगाव कळत नाही त्यांना आम्ही पाहुणा म्हणतो. आधी पटकन यायचं. हल्ली उशीर होतो, आणि दर खेपेला आणखी उशीर. नाव असलेल्यांचं मात्र वेळेवर येतं. आम्हाला वाटलं, खाली पाहुण्यांना शेवटी धरतात."

मशीनला नाव असलेला आणि नसलेला यातला फरक काय कळतो? त्याला फक्त नंबर कळतो. मी नोंदणीच्या खिडकीशी गेले. खिडकीवाल्या बाई माझ्याकडे न बघता बोलत होत्या, कारण रांग मोठी होती.

"पाहुण्याला नंबर कुठून देता?"

"एकच आहे की. सगळे आकडे नऊ. पूर्वी अनोळखी म्हणून बटण होतं, दाबलं की प्रत्येकाला नवा नंबर मिळायचा. बटण काढून टाकलं. नंबर घातल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही, मग सांगितलं की सगळ्या पाहुण्यांना नवांचा नंबर घाला."

"कुणी सांगितलं?"

"वरून."

"वरून म्हणजे कुणी?"

"अहो बाई, वरून म्हणजे वरून. पुढचे कोण?"

"परवाच्या माणसालाही नवांचाच घातलात?"

आता त्यांनी वर पाहिलं. "मीच घातला. माझ्या हाताने."

माझ्या हातातल्या चौकशीच्या कागदावर त्या माणसापुढे भलताच नंबर छापलेला होता, सुटा, एकट्याचा. मी खिडकीच्या आत वाकले आणि बाईंना म्हणाले, जरा नऊ घालून बघा. त्यांनी घातले.

पडद्यावर उत्तर आलं, असा रुग्ण नाही.

५

मी रुग्णालयाच्या उपाहारगृहात कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि लॅपटॉप उघडला. मला डेटाबेस वाचायची परवानगी होती, बदलायची नव्हती. तेवढी पुरे होती.

डेटाबेसची एक गंमत आहे. त्याला प्रश्न न सोडवता नुसतं विचारता येतं की बाबा, तू हा कसा सोडवशील? मग तो आपली योजना मांडतो आणि वाटेत कुठे किती ओळी भेटतील याचा अंदाज देतो. मी आधी एका साध्या रुग्णाचा नंबर दिला. अंदाज आला, पाच-सहा ओळी. दुसऱ्याचा दिला. तेवढाच.

मग नवांचा दिला.

नमुन्यांच्या टेबलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, पिशव्यांचाही तसाच, आणि दोन्ही जोडल्यावर कोट्यवधी ओळी. मी चहाचा कप खाली ठेवला. आत्ता ज्याची एकही ओळ टेबलात नाही, त्याच्या कोट्यवधी जोड्या होतील, असं डेटाबेस मला सांगत होता.

तो वेडा झाला नव्हता. त्याची आकडेवारी रविवारची होती. ओळी कुणीतरी उचलून नेल्या होत्या, पण त्या होत्या ही आठवण काढून न्यायचं राहून गेलं होतं. आपोआप पाहणी चालू असती तर आठवणही पुसली गेली असती. ती बंद ठेवली होती आमच्या किल्लेदारानेच, मोठ्या अभिमानाने.

मग सगळ्याची संगती लागली. साध्या रुग्णाचे तीन नमुने, दोन पिशव्या, जोड्या सहा. मशीनला त्याचं काय? पण इथे हजारो माणसं एका नंबरात कोंबलेली. प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी सगळ्या जुन्या पाहुण्यांचे सगळे नमुने सगळ्या जुन्या पिशव्यांशी जुळवत बसायचं. हजारांनी हजारांना गुणायचं. आणि प्रत्येक पाहुणा जाताना पुढच्यासाठी ढीग आणखी वाढवून जाणार. इंडेक्स असो की आणखी काही असो, एवढ्या जोड्या लावायला वेळ लागणारच होता.

मी रंगाऱ्याकडे गेले. त्याची नक्कल रविवारची. त्यात नवांचा नंबर अजून जिवंत होता, आणि तो आम्ही दोघांनी काढून पाहिला. एकच रुग्ण. तो पुरुष होता, स्त्रीही होता. त्याचे सगळे रक्तगट होते. तो एकदा बाळंत झाला होता. तो दोन वर्षांत शेकडो वेळा मेला होता, आणि आलेखात दर वर्षी त्याचा मृत्यू एकच धरला होता, कारण एका रुग्णाला एकदाच मरता येतं.

"मीच मोजत होतो हे," रंगारी पुटपुटला.

"तुझा लॅपटॉप घे," मी म्हणाले. "आणि तिसऱ्या मजल्यावर चल. किल्लेदारांनाही बोलाव. मी जावेला बोलावते."

६

प्रशासकांना धाकटीचं येणं आवडलं नाही, पण राजीनामा द्यायला आली असेल असं समजून त्यांनी खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर बसली. किल्लेदार दाराशी उभा राहिला.

"मी काही बोलणार नाही," मी म्हणाले. "मी बोलले तर जावेचं बोलणं होईल. किल्लेदारसाहेब, रंगाऱ्याच्या नकलेवर तुमची पट्टीची क्वेरी चालवा. तुमच्या हाताने. नंबर सगळे नऊ."

त्याचा चेहरा उतरला. "ती नक्कल जुनी आहे, मॅडम."

"रविवारची. माणूस मंगळवारी मेला. चालवा."

त्याने चालवली. लॅपटॉपवर चक्र फिरू लागलं.

प्रशासक थोडा वेळ बघत बसले. मग त्यांनी खुर्ची मागेपुढे केली. फोन पाहिला. पाणी प्यायले. पुन्हा चक्राकडे पाहिलं. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"तिला लागला तेवढाच," मी म्हणाले.

धाकटी त्या चक्राकडे डोळे लावून बसली होती, आणि मला एकदम कळलं की तिला इथे बोलावून मी केवढं क्रूर काम केलंय. प्रशासक उठून खिडकीशी गेले, परत आले. "बास, समजलं," ते म्हणाले.

"बसा," मी म्हणाले. "वर माणूस झोपलाय असं समजा."

शेवटी किल्लेदारच फुटला.

"फोन वाजला होता," तो खाली बघून म्हणाला. "मला माहीत होतं कशाचा आहे ते. बाईंनी आधीही दोन-तीनदा सांगितलं होतं, पट्टी रेंगाळते म्हणून. मी नेटवर्क आहे म्हणायचो. नवांचा ढीग मला दिसत होता. पण बटण परत आणा म्हणायला वर यायचं, तर..." त्याने प्रशासकांकडे पाहिलं. "मी एकदा आलो होतो, सर. तुम्ही म्हणालात, आलेख बिघडवायचा नाही."

"मी असं काही म्हणालो नाही."

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या जुन्या ओळी बाजूच्या टेबलात हलवल्या आणि परवाच्या माणसाला सुटा नंबर दिला. हे मात्र मी माझ्याच बुद्धीने केलं. घाबरलो होतो."

"म्हणजे बटण यांनी काढायला लावलं, कारण प्रत्येक बेवारशाला वेगळा नंबर मिळाला की प्रत्येकाचं मरण वेगळं मोजावं लागतं," मी म्हणाले. "आणि ढीग तुम्ही लपवलात. ती बाई सांगत होती ते अक्षर न अक्षर खरं होतं."

प्रशासक इतके शांत होते की मला त्यांचा हेवा वाटला. "कारस्थान वगैरे काही नाही यात. नोंदी सुटसुटीत असाव्यात एवढाच हेतू होता. तांत्रिक दोष होता, तो सापडला, आपण आभारी आहोत. बाईंना उद्यापासून रुजू करून घेतो. निलंबनाचा कागद फाडू. बटणाचं पुढच्या बैठकीत बघू."

"मी हे सगळं लिहिणार आहे," मी म्हणाले.

"लिहा ना. तुमचे साहेब वाचतील, मी वाचेन. तुमच्या कंपनीशी आमचा करार पुढच्या महिन्यात संपतो, तेही ते वाचतील."

त्याच वेळी लॅपटॉपवर पट्टी हिरवी झाली. धाकटीने एक मोठा श्वास घेतला आणि उठून बाहेर गेली.

७

मी अहवाल लिहिला. सगळा, एकही वाक्य मऊ न करता. साहेबांनी तो वाचला, सुस्कारा टाकला आणि म्हणाले की शेवटची दोन पानं वेगळ्या फाइलीत ठेवूया. ती फाइल कुठे असते ते मला ठाऊक आहे. तिथून आजवर काही परत आलेलं नाही. मी ती पानं तक्रार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरलाही पाठवली. त्याची बदली झाल्याचं कळलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर धाकटी जिन्याच्या मधल्या वळणावर बसलेली. या वेळी तिला काही विसरल्याचं आठवलं नाही आणि मलाही नाही. मी तिच्या खालच्या पायरीवर टेकले.

"उद्या सकाळची पाळी आहे," ती म्हणाली. "फोन आला होता. माफी नाही मागितली, पण सन्मानाने या म्हणाले."

"तेवढं तरी."

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"त्या दिवशी मला प्रत्येक क्षणाला वाटत होतं, आता येईल पट्टी. आत्ता येईल. म्हणून मी जागची हलले नाही. नोटिशीची भीती होतीच, पण खरं म्हणजे आता येईल असंच वाटत होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "आज ते चक्र बघत बसले तेव्हा कळलं, ती वेळेत येणारच नव्हती. मी कितीही थांबले असते तरी."

"नव्हती येणार."

"म्हणजे मी चक्र सुरू झाल्या झाल्या पिशवी घेऊन वर पळाले असते तर? तो वाचला असता?"

मला सांगता आलं असतं की जखमा मोठ्या होत्या. डॉक्टरांनाही खात्री नव्हती, असं म्हणता आलं असतं. नात्यातली माणसं असंच काहीतरी म्हणतात आणि त्यालाच माया म्हणतात. पण सिस्टरने मला काय सांगितलं ते मला माहीत होतं, आणि धाकटीने माझ्याकडे खरं मागितलं होतं, जन्मात पहिल्यांदा.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक वाचला असता."

तिने मान हलवली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला सारला नाही, पण धरलाही नाही.

"आधी मला वाटायचं, लोक मला उगाच दोष देतायत," ती म्हणाली. "तुम्ही हे शोधायला नको होतं, ताई."

ती उठली, वर गेली, आणि दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मी तिथेच बसून राहिले. खालून सासूबाईंनी हाक मारली.

"काय झालं ग शेवटी? सुटली का ती?"

"हो," मी म्हणाले. "सुटली."